‘यीस्ट नाही म्हणतंय’ हे कारण होत नाही, रुखसाना

रुखसाना, सोमवारी सकाळी मला फाईल पाठवायची आहे आणि तू कारण न सांगता निघून गेलीस. कारण न सांगण्याची तुझी सवय जुनीच. पण आजवर ती खपून गेली, कारण दुसऱ्या दिवशी तू येऊन पिशवी टेबलावर आपटायचीस आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागायचीस. आता आपल्या कामाच्या वरच्या खोलीत मी एकटी असते. खाली दुकानात तुझे भाऊ अय्यूबभाई पत्र्याच्या कोठ्या ठोकतात, तेवढाच आवाज.

भेटायला येणारे म्हणतात, मीनाताई, हे दुःख आहे, हळूहळू कमी होईल. असेल दुःख. मला मात्र तो राग वाटतो. अर्धं बोलून फोन ठेवणाऱ्या माणसाचा येतो तसला.

तुला नेलं त्या दिवशी मी तुझ्या घरी यादी घेऊन आले होते. पाण्याचे जार, खुर्च्या, कोणाकोणाला कळवायचं, चहासाखर, डाळतांदूळ. पिशव्या घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. तुझ्या भाभीने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली, “मीनाबेन, मय्यतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. मोहल्ल्यातून येतं सगळं. तुम्ही बसा.” इतकी वर्षं तुमच्या घरी जाऊन हे मला माहीत नव्हतं, आणि तू कधी सांगितलं नव्हतंस. मी बसले. मला नुसतं बसता येत नाही हे तुला माहीत आहे. समोर मोहल्ल्यातल्या फातिमा खाला होत्या. माझी चुळबुळ बघून त्यांनीच विचारलं, “तुम्ही दोघी वर नेमकं काय करायचात गं? रुखसानाला विचारलं की ती म्हणायची, अंडी रंगवतो.”

तू लोकांना हे सांगायचीस. मी नीट सांगितलं. म्हटलं, खाला, यीस्ट म्हणजे पावात घालतात ते. ते साखर खातं आणि त्या साखरेचं पायरीपायरीने दुसरं काहीतरी बनवतं. प्रत्येक पायरीला एक कामकरी लागतो, त्याला एन्झाइम म्हणतात. त्याला न येणाऱ्या काही पायऱ्या आपण दुसऱ्या जिवांकडून आणून दिल्या, कुठल्या जिवाणूकडून एक, मिरचीकडून एक, तर तेच यीस्ट तीच साखर वेगळ्या रस्त्याने नेऊन मिरचीतला तांबडा रंग बनवू शकतं. तो कोंबड्यांच्या खाद्यात घातला की अंड्याचा बलक गडद होतो. कुठली पायरी कोणाकडून आणायची आणि कुठल्या क्रमाने लावायची, ते आम्ही कॉम्प्युटरवर ठरवतो. प्रत्यक्ष बनवणारी प्रयोगशाळा तिकडे वापीकडे.

खालांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही नकाशा काढणाऱ्या. घर बांधणारे वेगळे.”

“हो.”

“मग झाला का नकाशा?”

“नाही. नकाशा काढणाऱ्यांत भांडण आहे.”

दोघीतिघी हसल्या, मग पदर सारखे करू लागल्या. तू असतीस तर सगळ्यांत मोठ्याने हसली असतीस आणि वर भांडणात चूक कोणाची हेही सांगितलं असतंस.

तर भांडण. ते मी पुन्हा मांडते, कारण तुझी बाजू मांडायला तू नाहीस आणि एकतर्फी निकाल मला आवडत नाही. कॉम्प्युटरने साखरेपासून त्या रंगापर्यंत जायचे शेकडो रस्ते काढून दिले होते. माझी चाळणी ठरलेली: पायऱ्या कमी, बाहेरून आणायचे एन्झाइम कमी, साखरेमागे रंग जास्त. तू म्हणायचीस, या यादीबाईला बाजारात सोडली तर भाजीसुद्धा ही देठांची लांबी मोजून घेईल. चाळून चाळून दोन उरले. छोट्या रस्त्यात एका जिवाणूचं एन्झाइम दोन पायऱ्यांचं काम एकटं करतं. लांब रस्त्यात त्याच कामाला दोन वेगवेगळी एन्झाइम लागतात, शिवाय आणखी एक मदतीला. छोट्याला तू नाव दिलंस ‘बायपास’, लांबला ‘गावातनं’. विसरवाडीला तुझ्या मावशीकडे निघालो होतो आणि सुरतच्या गाडीने आपल्याला बाहेर हायवेवरच उतरवलं होतं, तेव्हापासून तुझा सगळ्या बायपासवर राग. मी हिशेब दाखवला: बायपासने रंग जास्त मिळतो, काम कमी. तू म्हणालीस, “बायपासवर चहा मिळत नाही.”

हे शास्त्रीय कारण आहे का, रुखसाना? अहवालात हे मी कसं लिहू?

आणि मग तुझी ती खुर्ची. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक आराखड्याला तुझ्यापुढे उभं राहावं लागायचं. तू निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचीस आणि यीस्ट व्हायचीस. मी एकेक पायरी वाचायची आणि तू यीस्टच्या वतीने उत्तर द्यायचं. घरात तू हिंदी बोलायचीस, बाजारात गुजराती, माझ्याशी जे तोंडात येईल ते. यीस्ट मात्र कायम अहिराणीत बोलायचं. मी एकदा विचारलं, असं का? म्हणालीस, “गरीब शे ते. त्याले शाळानी मराठी कोण शिकाडी?” मी एक एन्झाइम वाचलं, ज्याला चालायला लोह लागतं. यीस्ट लगेच म्हणालं, “इतलं लोखंड मी कथाईन आनू? तुन्हा कागदवर शे, मन्हा घरमा नही शे.” मी चिडून तपासलं. खरंच, त्याच वेळी यीस्टची स्वतःची दोन मोठी कामं त्याच लोहावर अवलंबून होती. पायरी बदलली. तुझ्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो भाव होता तो मी अजून माफ केलेला नाही.

पण दुसरीही गोष्ट सांगायला हवी. एकदा यीस्टने दुपारभर नकार दिला. हे नही करस, ते नही करस, जाय. मी सगळे आकडे पुन्हा काढले, काही सापडेना. शेवटी संध्याकाळी तू कपाळ दाबत म्हणालीस, “काही नाही गं, सकाळपासून डोकं दुखतंय.” म्हणजे यीस्टच्या नकाराला कधी लोहाचं कारण असायचं आणि कधी तुझ्या डोकेदुखीचं, आणि बाहेरून दोन्ही नकार सारखेच दिसायचे. अशा माणसाबरोबर पद्धतशीर काम करणाऱ्या बाईने कसं जगायचं, याचा तू एकदा तरी विचार केलास का?

बायपासला तू नकार दिलास तो शेवटच्या आठवड्यात. मी तिसरी पायरी वाचली, ते दोन कामं करणारं एन्झाइम. तू खुर्चीवर गप्प बसलीस. मग म्हणालीस, “नही. यीस्ट नही म्हनस.” मी म्हटलं, का? तू म्हणालीस, “थांब, मलाच नीट सांगता येत नाहीये.” दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. त्याच्या पुढच्या दिवशी अय्यूबभाईंच्या गाडीत मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि आपण चिंचपाड्याला दवाखान्यात चाललो होतो. तुला धाप लागली होती. मी म्हटलं, बोलू नकोस. तू माझं कधी ऐकलंस? म्हणालीस, “यादीबाई, बायपास पाठवू नको.” आणि मी, माणूस श्वासासाठी धडपडत असताना मी काय बोलले, तर “कारण सांग.” तू हसायचा प्रयत्न केलास. “घरी आल्यावर सांगते.”

मला त्याचा पश्चात्ताप नाही. तू माझ्या जागी असतीस तर तूही विचारलं असतंस. त्या गाडीत आपण दोघीही तू घरी येणार असंच धरून चाललो होतो, म्हणून तसं बोललो.

प्रयोगशाळेतल्या देसाईभाईंचा फोन आला. आधी त्यांनी तुझ्याबद्दल खूप चांगलं बोलून घेतलं. तू त्यांना ‘भाई, तुम्ही बांधा, मी पाडते’ म्हणायचीस, ते त्यांनी आठवणीने सांगितलं. मग म्हणाले, “बेन, फाईलनुं शुं? मी एकदा मुदत वाढवून घेतली. सोमवारी एन्झाइमचे जीन बनवायला टाकायचेत. एकदा ऑर्डर गेली, पछी कंई बदलाशे नहीं.” मी म्हटलं, सोमवारी सकाळी मिळेल. कुठला रस्ता, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटत असणार, ते ठरलेलंच आहे.

मग मी कामाला लागले. तू सांगितलं नाहीस ना, तर मीच शोधते, असं म्हणून. तुझ्या नकारामागे काय काय असू शकतं ते एकेक घेतलं. मधला एखादा पदार्थ विषारी आहे का? नाही. प्राणवायू जास्त लागतो का? दोन्ही रस्त्यांना सारखाच. यीस्टच्या रोजच्या जगण्याला लागणारं काही आपण पळवतो आहोत का? थोडं, पण ‘गावातनं’मध्ये उलट जास्तच. डोकं दुखत होतं का? ते मी तपासू शकत नाही, आणि पुढे जे झालं ते बघता त्या आठवड्यात तुझं काय काय दुखत होतं आणि तू सांगत नव्हतीस, याचा विचार करायला लागले तर माझं काम होणार नाही.

शेवटी एकच उरलं. आपला हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: एका पायरीवर जेवढं तयार झालं, तेवढं पुढच्या पायरीने लगेच उचललं. कुठेही काही साठत नाही. असं धरलं नाही तर हजारो पायऱ्यांचा हिशेब बसतच नाही, म्हणून सगळेच असं धरतात. मला ते मान्य आहे. तुला कधीच नव्हतं. तू म्हणायचीस, ज्या घरात काहीच साठत नाही असं घर दाखव मला. आता ते तिसऱ्या पायरीचं एन्झाइम दोन कामं करतं, पण पहिलं काम करून अर्धवट माल हातातून सोडून द्यायची सवय त्याला असेल तर? अर्धवट रंग तेलकट असतो, पाण्यात मिसळत नाही. तो जाऊन पेशीच्या पापुद्र्यात बसणार. बसत राहिला तर पापुद्रा बिघडणार आणि यीस्ट आजारी पडणार. ‘गावातनं’मध्ये दुसरं एन्झाइम तो माल उचलायला वेगळं उभं असतं.

हेच होतं ना तुझ्या मनात? मला खात्री नाही. पण एवढं एकच कारण असं सापडलं, ज्याच्यासाठी तू खुर्चीवर तशी गप्प बसली असतीस.

शनिवार पूर्ण त्यात घालवला. ते गृहीतक काढून टाकलं आणि तासातासाला काय किती साठतं ते काढलं. एन्झाइमचा वेग लोकांनी मोजून छापला आहे, तो घेतला. अर्धवट माल साठला, चढला, आणि मग स्थिर झाला. यीस्टला सोसेल त्याच्या बराच खाली. मी त्याच्या दुसऱ्या कामाचा वेग मुद्दाम कमी केला. पुन्हा तेच, जरा वर जाऊन स्थिर. आणखी कमी केला, तुझी बाजू आणखी भक्कम करून बघितली. तरी स्थिर. मग मी हात थांबवले, कारण त्यापुढे आकडे माझ्या मर्जीने वाकवल्यासारखं झालं असतं.

तू चुकली होतीस, रुखसाना.

मी खाली गेले. अय्यूबभाई कोठीच्या झाकणाची कड वळवत होते. त्यांना आपल्या कामातलं फार कळत नाही, पण आपलं भांडण चालू आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, “निकला कुछ, बेन?”

“निघालं. रुखसाना चुकली होती.”

ते वर न बघता म्हणाले, “उसके सामने मत बोलना, दिनभर लडेगी.” मग त्यांचा हात थांबला. बराच वेळ ते ती कड नुसती अंगठ्याने चाचपत राहिले. मग त्यांनी हातोडी उचलली आणि मी वर आले.

जिंकल्याचं काहीच वाटलं नाही. तुझ्याशी भांडण जिंकायचं म्हणजे त्यात तू शेवटी “बरं बाई, तुझंच खरं” असं तोंड वाकडं करून म्हणण्याचा भाग असतो. तो भाग वगळला तर उरतं ते नुसतं गणित.

तुझ्या इच्छेचा मान म्हणून ‘गावातनं’ पाठवावा, असंही एकदा मनात आलं. माझ्या नवऱ्याने तेच सुचवलं. म्हणाला, “तिचा शेवटचा शब्द होता, पाठव ना. कोणाला कळणारे?” मला कळणार. तुलाही कळलं असतं. मेलेल्या मैत्रिणीच्या मायेपोटी मी एन्झाइम निवडायला लागले, तर तू ज्या बाईला तुझ्या कामात ओढून आणलंस ती बाई मी राहणार नाही. तेव्हा मी कॉलेजात प्रात्यक्षिकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि मुलांची हजेरी मांडत होते. तू बेंगळुरूहून आईच्या आजारपणात परत आलेली, कॉलेजात मला भेटायला म्हणून आलीस, माझं बाटल्यांचं कपाट उघडून बघितलंस आणि म्हणालीस, “इतकी शिस्त नुसत्या बाटल्यांवर वाया चालली आहे. चल, तुझ्या याद्यांना काम देते.” त्या एका वाक्यावर माझी त्यापुढची सगळी वर्षं चालली. तुला मी त्यासाठी कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू त्याची नक्कल करून सगळ्या मोहल्ल्याला दाखवली असतीस.

आणखी एक सांगायचं राहिलं. तू यीस्ट होऊन बोलायला लागलीस की मी घड्याळाकडे बघायची, सुस्कारे सोडायची, “मुद्द्यावर ये” म्हणायची. ते सगळं खरं होतं, वेळ फार जायचा. पण दिवसभरातला तेवढाच वेळ असा असायचा की पुढे कोण काय बोलणार ते मला माहीत नसायचं. काल मी त्या खुर्चीवर बसून बघितलं. स्वतःच पायरी वाचली आणि स्वतःच यीस्ट व्हायला गेले. माझं यीस्ट म्हणालं, “सदर प्रक्रिया शक्य आहे.” मी उठले.

आज रविवार. तर आता ऐक, काय ठरवलं ते.

फाईल बायपासचीच जाते आहे. पण छापलेल्या वेगांबद्दल एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे आणि ती मी लपवणार नाही: ते वेग जिवाणूत मोजलेले आहेत, यीस्टमध्ये कोणी मोजलेलेच नाहीत. म्हणून फाईलबरोबर एक पान जातं आहे. त्यावर तुझा आक्षेप लिहिला आहे, जितका भक्कम लिहिता आला तितका, तुझ्या पूर्ण नावाने. कारण म्हणून मला जे सापडलं ते लिहिलं आहे, आणि हे कारण तिने स्वतः सांगितलेलं नाही, मी लावलेलं आहे, हेही लिहिलं आहे. त्याखाली माझं उत्तर. आणि त्याच्याखाली सूचना: यीस्ट वाढलं की सर्वांत आधी अर्धवट माल किती साठला ते मोजावं, रंग किती आला ते नंतर. साठलेला दिसला तर तिथेच थांबून ‘गावातनं’कडे वळावं, त्याची फाईल मी मागाहून देईन.

देसाईभाईंना हे आधी फोनवर सांगून टाकलं. ते म्हणाले, “पण बेन, पहेला रंग जोवानो ने? साहेब लोक तेच विचारणार.”

“आधी हे मोजा.”

“रुखसानाबेनने सांगितलंय?”

“हो.”

“मग मोजावं लागेल,” ते म्हणाले, आणि हसले.

म्हणजे आता उत्तर खरं यीस्ट देईल. माझा हिशेब सांगतो की तू चुकली आहेस, आणि माझा हिशेब सहसा बरोबर असतो. पण काही साठलंच, तुझं खरं निघालं, तर ‘गावातनं’ पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासावा लागेल, तिन्ही एन्झाइम नव्याने शोधावी लागतील, आणि तुझ्या नावाने बोटं मोडत ते सगळं मला एकटीलाच करावं लागेल. त्यासाठी पुढचा अख्खा महिना मी मोकळा ठेवला आहे.